क्रूझवर ‘अनलिमिटेड डायनिंग’ घ्यावं का? आधी मोकळ्या संध्याकाळी मोजा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. जूनमध्ये बार्सिलोनाहून सुटणाऱ्या, सात रात्रींच्या भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर त्या निघाल्या आहेत. जहाज रॉयल कॅरिबियनचं, ओॲसिस वर्गातलं. सोबत यजमान, पंधरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाई पूर्ण शाकाहारी, बाकीचे चिकन-मासे खातात, बीफ कोणीच खात नाही. प्रवासातच त्यांच्या लग्नाचा विसावा वाढदिवस येतोय. कंपनीच्या साइटवर त्यांना अनलिमिटेड डायनिंग पॅकेज, म्हणजे एकदाच पैसे भरून जहाजावरच्या जादा पैशांच्या रेस्टॉरंटमध्ये प्रवासभर जेवायची सोय, माणशी 230 डॉलरला दिसतंय. सुटं घेतलं तर स्टेकहाऊसचं जेवण 65, इटालियन 50, जहाजावरच्या बागेसमोरचं छोटं रेस्टॉरंट 70 आणि सी डेचं, म्हणजे जहाज दिवसभर समुद्रातच असतं त्या दिवसाचं, दुपारचं जेवण 25 डॉलर. मुलाला प्रत्येक वेळी 15. या सगळ्यावर 18 टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे वाढणाऱ्यांची टीप, वेगळी. ताई विचारतात, “एकदाच जातोय, मग घेऊनच टाकावं का? की मुख्य डायनिंग रूममध्ये चांगलं जेवण मिळतं?”

ताई, तुमच्या बाबतीत माझं उत्तर आहे, घेऊ नका. का ते सविस्तर सांगतो, म्हणजे पुढे दुसरं जहाज, दुसरा मार्ग निवडलात तर तुमचा तुम्हालाच निर्णय घेता येईल.

मी मूळ मालवणचा. सोळा वर्षं मोठ्या प्रवासी जहाजांवर होतो. सुरुवात असिस्टंट वेटर म्हणून झाली, पुढे वेटर, त्यात तीन कॉन्ट्रॅक्ट स्टेकहाऊसमध्ये, आणि शेवटची सहा वर्षं मुख्य डायनिंग रूममध्ये हेड वेटर. आता ठाण्यात बसून लोकांच्या क्रूझची आखणी करून देतो. म्हणजे हे पॅकेज विकण्याच्या बाजूलाही मी उभा होतो आणि ते घेतलेल्या माणसाच्या टेबलाशीही.

बहुतेक जण हिशोब कसा करतात? सुट्या जेवणांची बेरीज एका बाजूला आणि पॅकेजची किंमत दुसऱ्या बाजूला. सात रात्री गुणिले 60 डॉलर म्हणजे 420, आणि पॅकेज 230 ला. म्हणजे 190 डॉलर वाचले! या हिशोबातली चूक अशी की संध्याकाळचं जेवण तुम्ही तिकिटातच विकत घेतलेलं आहे. मुख्य डायनिंग रूम, बुफे, पिझ्झाचा काउंटर, कॅफे या सगळ्याचे पैसे भरून झालेत. त्यामुळे स्टेकहाऊसच्या 65 डॉलरची तुलना शून्य रुपयांच्या जेवणाशी होते आणि ते शून्य रुपयांचं जेवणही तीन कोर्सचं, टेबलावर आणून वाढलेलं असतं. तेव्हा प्रश्न ‘पॅकेजमुळे किती वाचले’ हा नाहीच. आधीच भरलेलं जेवण सोडून दुसरीकडे जाण्यात आपल्याला 65 डॉलरचं काही जास्तीचं मिळतंय का, असं विचारायला हवं.

जुन्या काळी हा हिशोब जहाज कंपन्याच करून देत असत. 1912 च्या टायटॅनिकवर पहिल्या वर्गासाठी मुख्य भोजनगृहाखेरीज पैसे देऊन जेवायचं वेगळं रेस्टॉरंट होतं, लुईजी गात्ती नावाचे गृहस्थ ते चालवत. पूर्ण प्रवासभर आपण तिथेच जेवणार असं तिकीट काढताना सांगितलं, तर भाड्यातून 3 ते 5 पौंड कमी व्हायचे. न खाल्लेल्या जेवणाचे पैसे परत! आजच्या तिकिटात अशी वजावट नसते. सातही रात्री बाहेर जेवलात तरी मुख्य डायनिंग रूमचे पैसे तुम्ही भरलेलेच असतात.

आता जास्तीचं काय मिळतं ते सांगतो, कारण मिळतं हे खरंच आहे. मुख्य डायनिंग रूमची गॅली म्हणजे लग्नाच्या जेवणावळीचं स्वयंपाकघर. एका बैठकीला हजार-दीड हजार ताटं निघतात. भाजलेला मासा, सॉस, बाजूच्या भाज्या वेगवेगळ्या स्टेशनवर तयार असतात, वेटर रांगेतून जाताना ताटं भरून घेतो, झाकणं लावून एकावर एक रचतो आणि दहा-बारा ताटांचा तो ट्रे खांद्यावर घेऊन निघतो. चव बरी असते, कधी कधी फार छान असते, पण भट्टीवरून उतरलेला पदार्थ तुमच्या पुढ्यात येईपर्यंत सात-आठ मिनिटं गेलेली असतात आणि झाकणाखाली वाफ धरलेली असते. स्टेकहाऊसची गॅली त्यामानाने घरच्या स्वयंपाकघरासारखी. शंभर-सव्वाशे माणसांची संध्याकाळ. ऑर्डर आली की मग मांस ग्रिलवर चढतं, उतरलं की दोन मिनिटं थांबवतात आणि तिसऱ्या मिनिटाला ते टेबलावर असतं. मुख्य डायनिंगला माझ्याकडे एका बैठकीला वीस-बावीस माणसं असायची, स्टेकहाऊसमध्ये दहा-बारा. वीस माणसांना वाढताना तुमचं नाव लक्षात राहतं, दहा माणसांना वाढताना तुमच्या मुलाला टोमॅटो आवडत नाही हेही राहतं.

म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते ताजेपणाचे, शांततेचे आणि मांसाच्या दर्जाचे. यातला तिसरा भाग नीट बघा. स्टेकहाऊसच्या दराचं मोठं वजन बीफवर असतं. मुख्य डायनिंगमध्ये न मिळणारे उंची कट तिथे मिळतात आणि बीफ खाणारा माणूस 65 डॉलर आनंदाने देतो, त्याने द्यावेतही. पण तुमच्या घरात बीफ कोणी खात नाही. मग उरतं काय? भाजलेलं चिकन, एक-दोन मासे, कोळंबी. चांगलंच असतं ते, पण तशा प्रकारचे पदार्थ मुख्य डायनिंगच्या मेन्यूवरही रोज असतात. सासूबाईंसाठी तर स्टेकहाऊसमध्ये सूप, सॅलड, बटाटा, मशरूम, पालक. या बाजूला ठेवायच्या भाज्या, मुख्य जेवण नव्हे. मी स्वतः तिथे किती आज्यांना मॅश्ड पोटॅटो वाढलाय! त्या काही बोलत नाहीत, मुलाने हौसेने आणलेलं असतं म्हणून हसून खातात. ताट परत नेताना मला मात्र दिसायचं काय खाल्लं आणि काय नुसतं हलवलं ते.

सुशीचंही थोडं तसंच. मुलीला आवडत असेल तर गोष्ट वेगळी, पण जिथे प्रत्येक पदार्थाची किंमत वेगळी असते, तिथे ‘अनलिमिटेड’ पॅकेजही एका वेळी ठरावीक रकमेपर्यंतच चालतं, वरचे पैसे आपले. शेफ्स टेबलसारखी खास जेवणं बहुधा पॅकेजच्या बाहेरच. दारू आणि वाईन तर धरायचीच नाही. अनलिमिटेड हा शब्द वाचला की त्याखालची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचायची.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता. पॅकेजमध्ये तुम्ही जेवणं विकत घेत नाही, संध्याकाळी विकत घेता. आणि तुमच्याकडे किती संध्याकाळी मोकळ्या आहेत हे जहाजाचा मार्ग ठरवतो.

तुमचा मार्ग समोर ठेवू. बार्सिलोना, मग पाल्मा, मार्सेय, ला स्पेझिया, चिविताव्हेक्किया, नेपल्स, एक दिवस समुद्रात आणि परत बार्सिलोना. कॅरिबियनच्या सात रात्रींमध्ये तीन-तीन सी डे असतात, लोक झोपून उठतात, पोहतात आणि भूक घेऊन जेवायला येतात. तुमच्याकडे सी डे एकच.

पहिली रात्र. तुम्ही आदल्या दिवशी बार्सिलोनाला पोहोचताय. उन्हाळ्यात स्पेन आपल्या साडेतीन तास मागे. तिथे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तुमच्या शरीराचे बारा वाजलेले असतात. त्यात बॅगा, सुरक्षा ड्रिल, केबिन शोधणं. त्या रात्री नऊ वर्षांचं मूल दोन तासांच्या जेवणाला बसत नाही. ते खुर्चीवर झोपतं, आई अर्धं जेवण सोडून त्याला उचलून नेते. हे मी दर पहिल्या रात्री बघितलंय.

दुसरी रात्र पाल्माची. बंदरापासून गाव जवळ, कॅथेड्रल बघून, थोडं भटकून दुपारीच परतता येतं. संध्याकाळ चांगली. तिसरी, मार्सेयची, तीही ठीक.

चौथ्या दिवशी ला स्पेझिया. तुम्ही फ्लॉरेन्सला जाणार असं लिहिलंय. बसने एका बाजूचे जवळजवळ दोन तास, तेवढेच परत, मध्ये उन्हात चालणं. पाचव्या दिवशी चिविताव्हेक्किया, म्हणजे रोमचं बंदर, पण रोम तिथून 80 किलोमीटरच्या आसपास. ट्रेनने तासभर, सकाळी सातला निघायचं, कोलोसियम, व्हॅटिकन आणि संध्याकाळी जहाज सुटायच्या आत परत. सहाव्या दिवशी नेपल्स आणि पॉम्पेई, दगडी रस्ते आणि सावली अजिबात नाही.

रोमच्या संध्याकाळी स्टेकहाऊस कसं दिसतं ते सांगतो, कारण तीन कॉन्ट्रॅक्ट मी ते बघत होतो. सातचं बुकिंग असलेली माणसं साडेसातला येतात, केस ओले, पायात चपला. पोट रिकामं असतं म्हणून सुरुवातीला लोणी-पाव मागवतात आणि त्यावरच पोट भरतं. एकदा पुण्याकडचं कुटुंब आलं होतं, चौघांचंही अनलिमिटेड पॅकेज. वडिलांनी मेन्यू उघडला, मिटला आणि मला मराठीतच विचारलं, “दादा, साधा भात आणि काहीतरी पातळ मिळेल का हो?” मी मुख्य गॅलीत जाऊन भारतीय कुकला सांगितलं आणि डाळ, जिरा राईस, दही घेऊन आलो. चांदीच्या काट्याचमच्यांच्या टेबलावर चौघंही डाळभात जेवले आणि फार समाधानाने जेवले. मला त्यात आनंदच होता. पण ते जेवण खालच्या मजल्यावर त्यांच्या नावाने आधीच शिजलेलं होतं, एक डॉलरही जास्त न देता.

सातवा दिवस समुद्रातला. आराम असतो, दुपारचं जेवण निवांत होतं, संध्याकाळही आपली. मात्र रात्री अकराच्या सुमारास बॅगा भरून केबिनबाहेर ठेवायच्या असतात हे लक्षात ठेवून जेवणाची वेळ लवकरची घ्या.

म्हणजे सात रात्रींपैकी तुमच्या कामाच्या तीन. दुसरी, तिसरी, सातवी. आता आकडे घाला. तीन रात्री तीन वेगळ्या ठिकाणी: 50, 65, 70, बेरीज 185. सी डेचं दुपारचं जेवण 25. एकूण 210. पॅकेज 230 चं. म्हणजे सगळ्या चांगल्या संध्याकाळी वापरूनही पॅकेजचे पैसे वसूल होत नाहीत. ग्रॅच्युइटी दोन्हीकडे सारखीच लागते, त्यामुळे फरक पडत नाही. वसूल व्हायला चौथी रात्र हवी आणि ती चौथी रात्र फ्लॉरेन्स, रोम, पॉम्पेई किंवा झोपेची पहिली रात्र यांच्यातूनच काढावी लागणार. 30 डॉलरचा ‘फायदा’ मिळवायला दमलेल्या मुलाला दोन तास बसवायचं. नको.

घरभराचा आकडाही बघून ठेवा. तुम्ही, यजमान आणि मुलगी अशी तीन पॅकेजेस 690 डॉलर, मुलाची चार जेवणं 60, त्यावर 18 टक्के, मिळून 885 डॉलर. डॉलर 90 रुपयांना धरला तर 79,650 रुपये. आणि सासूबाई यात नाहीतच! त्या एकट्या खाली जेवणार की बरोबर आल्या तर सुटे पैसे भरणार, हा प्रश्न राहतोच. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं मार्कअप साधारण दोन ते साडेतीन टक्के आणि त्या मार्कअपवर जीएसटी, तोही यात मिळवा.

आता मी काय केलं असतं ते सांगतो. पाल्माच्या किंवा मार्सेयच्या रात्री पाचही जण इटालियनला. एकच रात्र, पण सगळे. भाज्यांचे अँटिपास्ती, रिसोतो, चीज भरलेला पास्ता, पानासारखी पातळ कापलेली वांगी-झुकिनी. पैसे देऊन जेवायच्या ठिकाणांमध्ये शाकाहारी माणसाचं मुख्य जेवण म्हणून पोट भरेल असं हे एकच. मात्र सासूबाई चीजही नीट बघून खात असतील, तर पार्मेझानसारख्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं हे त्यांना आधी सांगा आणि वेटरला तसं स्पष्ट सांगून ठेवा. मुलांनाही पास्ता चालतो. चार मोठे आणि एक लहान, 215 डॉलर.

दुसरी रात्र फक्त तुमची दोघांची. लग्नाचा वाढदिवस नेमक्या तारखेलाच साजरा झाला पाहिजे असं नाही. तारीख रोमच्या दिवसावर येत असेल तर सातव्या रात्री ठेवा. बागेसमोरचं ते छोटं रेस्टॉरंट घ्या. ओॲसिस वर्गातल्या जहाजांच्या मधोमध उघड्या आकाशाखाली खरी झाडं लावलेली बाग आहे, सेंट्रल पार्क म्हणतात तिला. संध्याकाळी तिथे गर्दी ओसरते, भर समुद्रात पानांची सळसळ ऐकू येते. मुलगा मुलांच्या क्लबमध्ये रमेल, मुलगी आजीसोबत. दोघांचे 140. दोन्ही रात्री मिळून 355, ग्रॅच्युइटी धरून 418 डॉलर 90 सेंट, 37,701 रुपये. पॅकेजच्या निम्म्याहून कमी, आणि आजीही जेवायला बरोबर आहेत.

उरलेल्या पाच रात्री मुख्य डायनिंग रूम. इथे आपली मराठी माणसं अर्धा फायदा सोडून देतात, म्हणून जरा थांबून सांगतो. मेन्यूवर रोज एखादा भारतीय शाकाहारी पदार्थ बहुतेक असतोच, पण तो एकच पदार्थ पाच रात्री खायची गरज नसते. पहिल्या रात्री जेवण झालं की हेड वेटरला टेबलाशी बोलवा. वेटरला नव्हे, हेड वेटरला. त्याला सांगा, आमच्यात एक पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही, रोज भारतीय जेवण हवं. आणि उद्या काय हवं ते आजच सांगा, कारण गॅलीत उद्याची तयारी सकाळी होते. डाळ, भेंडी, छोले, पनीर, आलू-गोबी, जिरा राईस, नान, दही, यातलं बरंच काही सहज होतं. बरोबर कापलेला कांदा, लिंबू आणि हिरवी मिरची मागा, आणून देतात. जहाजावर गोवा, मुंबई, कोकणातली पोरं गॅलीत आणि डायनिंगमध्ये भरपूर असतात. कुणाच्या तरी आजीला जेवायला घालायचंय म्हटलं की ती मनापासून करतात, हे मी आतून सांगतो. एकादशी किंवा चतुर्थी मध्ये येत असेल तर तीही आधी सांगा. साबुदाण्याची खिचडी मिळणार नाही, पण उकडलेला बटाटा, दही, फळं, दाणे व्यवस्थित येतील. साबुदाणा घरून नेऊन तिथे शिजवून घेता येत नाही, बाहेरचा कच्चा शिधा गॅलीत घेत नाहीत. जैन जेवण हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच नोंदवायला हवं, जहाजावर चढल्यावर सांगून कांदा-लसणाशिवायचं सगळं मिळेलच असं नाही.

आणि मुख्य डायनिंगची एक रात्र काही झालं तरी सोडू नका, लॉबस्टरची. सात रात्रींच्या फेरीत दुसऱ्या फॉर्मल, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या, रात्री तो बहुधा असतो. नेमका कोणत्या रात्री ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि त्या रात्री बाहेरचं बुकिंग करू नका. पॅकेज घेतलेली कित्येक माणसं त्या रात्री स्टेकहाऊसमध्ये बसून दुसऱ्या दिवशी चुकचुकताना मी बघितली आहेत.

दुपारी बुफेच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा आला तर ओॲसिस वर्गात सेंट्रल पार्कमधला पार्क कॅफे आहे, सोरेंटोजचा पिझ्झा आहे, सोलॅरियम बिस्ट्रो आहे. तिन्ही तिकिटातच. सोलॅरियम बिस्ट्रो रात्रीही उघडं असतं आणि बऱ्याच जणांना ते सापडतच नाही. रोमच्या संध्याकाळी मी असतो तर सरळ पिझ्झा घेऊन डेकवर बसलो असतो. जूनमध्ये तिथे सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो, मुलांसाठी तेच जेवण चांगलं.

मग पॅकेज कोणी घ्यावं? घेण्यासारखी माणसं आहेत, आणि त्यांना मी स्वतः घ्या म्हणून सांगतो. बीफ खाणारं, मूल बरोबर नसलेलं जोडपं, कॅरिबियनच्या सात रात्री, तीन सी डे, म्हणजे तीन दुपारीही वसूल होतात. तिथे अनलिमिटेड घेतलं तर पैशाचं सोनं होतं. पाच-सहा क्रूझ करून मुख्य डायनिंगचा मेन्यू पाठ झालेली माणसं. ठरलेल्या वेळी जेवायला जाणं ज्यांना जमत नाही ती. आणि ज्यांना तिकिटातच ही जेवणं मिळाली आहेत ती. नॉर्वेजियनसारख्या कंपनीत तिकिटाबरोबरच काही स्पेशालिटी जेवणं, म्हणजे एरवी जादा पैशांची असलेली, जोडून देण्याची पद्धत आहे, त्यावरचं 20 टक्के सेवाशुल्क तेवढं भरावं लागतं. ती जेवणं वाया घालवू नका, चांगल्या संध्याकाळी लावा. मात्र तिथे पॅकेजच्या जेवणात किती पदार्थ मागवता येतात याला मर्यादा असते. आपल्यासारखं सगळं मध्ये ठेवून वाटून खायची सवय असेल तर हे आधी माहीत हवं.

तीन रात्रींचं पॅकेजही असतं. तुमच्या मार्गाला बसण्यासारखं तेच, पण घरातल्या सगळ्यांना तीन-तीन रात्री नकोच आहेत. तुम्हाला एक रात्र पाच जणांची आणि एक दोघांची हवीय. पॅकेज माणशी विकतात, आणि कुटुंब काही माणशी जेवत नाही.

सिंगापूरहून तीन-चार रात्रींच्या क्रूझवर जाणाऱ्यांना एका वाक्यात: पहिली रात्र धावपळीची, शेवटची बॅगा भरण्याची, तेव्हा फार तर एक जेवण घ्या. तिथल्या गेंटिंग ड्रीमसारख्या जहाजावर भारतीय, शाकाहारी आणि जैन जेवणाची सोयही चांगली आहे. मुंबईहून कॉर्डेलियाने जाणाऱ्यांनी तर पहिल्या सहलीला या विचारातच पडू नये, तिथलं तिकिटातलं जेवण आपल्या जिभेचंच आहे.

खरेदीचं थोडं. चढण्याआधी साइटवर जो दर दिसतो तो स्थिर नसतो, आठवड्याला बदलतो, सणासुदीच्या सेलला उतरतो. रॉयल कॅरिबियनवर आधी घेतलेलं जेवण प्रवास सुरू होण्याच्या थोडं आधीपर्यंत रद्द करून, दर उतरला असेल तर पुन्हा कमी दरात घेता येतं. म्हणून जी जेवणं हवीत ती आत्ताच घ्या, पण महिन्यातून दोनदा दर बघत जा. जहाजावर चढल्याच्या दिवशी गँगवेतून, म्हणजे जहाजात चढायच्या पुलावरून, आत आलात की टेबल मांडून उभी असलेली मुलं हसून बोलावतील. त्यांच्यावर विक्रीचं उद्दिष्ट असतं. माझ्यावरही असायचं आणि पहिल्या दुपारचा आकडा वरिष्ठांना रात्रीच द्यावा लागायचा. त्यांना नम्रपणे नाही म्हणा, ती रागावत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टेबलं रिकामी दिसू लागली की कधी कधी सवलत निघते, पण तेव्हा सातचं टेबल मिळत नाही, साडेनऊचं मिळतं. मुलं बरोबर असतील तर त्या सवलतीचा उपयोग नाही.

कुणी अनलिमिटेड घेतलंच, तर एक धोका लक्षात ठेवा. पैसे भरले म्हणजे टेबल मिळालं असं नसतं. अनेकदा पहिलं एखादं बुकिंगच आपोआप होतं, बाकीच्या रात्रींच्या वेळा जहाजावर जाऊन ठरवाव्या लागतात. आइस शो, पाण्याचा शो यांच्या वेळा ॲपवर आधी नक्की करा, मग जेवणाची वेळ. दोन तासांचं जेवण आणि आठचा शो एका संध्याकाळी बसत नाहीत. याच कारणावरून चिडलेल्या पाहुण्यांचं आम्हाला सगळ्यांत जास्त ऐकावं लागायचं.

तेव्हा ताई, आज दोनच बुकिंग करा. इटालियन, दुसऱ्या रात्री साडेसहाला, पाच जण, ‘एक पूर्ण शाकाहारी’ असं टिपणीत लिहून. आणि सेंट्रल पार्क, सातव्या रात्री साडेसातला, दोघं, लग्नाचा वाढदिवस असं लिहून, म्हणजे केकचा छोटा तुकडा आणि मेणबत्ती येते. मुख्य डायनिंगची वेळ निवडायला सांगतील तेव्हा लवकरची बैठक घ्या. पहिल्या रात्री हेड वेटरचं नाव विचारून घ्या आणि सासूबाईंनाच त्याच्याशी बोलू द्या. हिंदी येतंच त्यांना. दुसऱ्या दिवसाच्या डाळीला लसणाची फोडणी हवी की हिंगाची, हे त्यांच्यापेक्षा नेमकं कोणी सांगणार नाही.